शेवटच्या घराचं बियाणं

टाळेबंदी लागली त्या आठवड्यात शहरातल्या मैत्रिणीचा फोन आला. "महिनाभराचा किराणा भरून ठेव गं, काही सांगता येत नाही," ती काळजीनं म्हणत होती. आईनं ते ऐकलं. चुलीपुढून न उठताच म्हणाली, "सांग तिले, डबे हायेत आपल्यापाशी. भरनारं कोनी धाड म्हना." मी हसले, पण फोन ठेवल्यावर उठून एकेक डबा उघडून बघितला.

आमचं गाव गडचिरोलीच्या जंगलात, डांबर संपतं त्याच्याही पुढे. बाबा होते तेव्हा जंगलावरच्या हक्कांसाठी गावोगाव पत्रकं वाटत फिरायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. त्या पत्रकांत देवाला जागा नव्हती, म्हणून माझ्यातही नव्हती. गावाच्या शिवेवर मोहाखाली मातामाय आहे, शेंदूर लावलेले चार दगड. आई तिथं दिवा लावायला जायची तेव्हा मी बांधावरच थांबायची. देवाला हात जोडण्यापेक्षा अन्यायाकडे बोट दाखवावं, असं मी मानायची, आणि ते बोलूनही दाखवायची.

मोहर्लीत पर्यटकांची गाडी चालवणारा दादा जंगलवाटेनं घरी आला. सोबत वहिनी आणि दोन लेकरं. सफारी बंद, पगार बंद, राहायची खोलीही गेली. घरात आम्ही दोघीच होतो, तिथं एकदम भरलं घर झालं. दादाचं नाव रेशनकार्डावरून केव्हाच तिकडे गेलेलं, त्यामुळे तांदूळ आला तो आम्हा दोघींपुरता. मी दुकानदाराशी भांडले. तो म्हणाला, "बाई, मशीन अंगठा मागते, भाषन नाई मागत." आठवडी बाजार बंद. गावाच्या रस्त्यावर बांबू आडवे बांधावेत, हा आग्रह माझाच होता. रोग आत येऊ नये म्हणून बांधलेल्या त्या बांबूंनी मीठ-तेलही बाहेरच अडवलं.

धान साठवायची आमच्याकडे बांबूची ढोली असते, शेणानं लिंपलेली. सकाळी उठले की मी तिच्या अंगावर बोट वाजवून बघायची. भरल्या जागी आवाज मुका येतो, रिकाम्या जागी पोकळ. तो पोकळ आवाज रोज थोडा खाली उतरत होता. मी ढोलीपाशी गेले की वहिनी माझ्याकडे न बघता लेकरांना अंगणात घेऊन जायची. मोहफुलं उकडून झाली, डोंगरावरचे कंद झाले. लेकरं भात मागत. मागत म्हणजे रडत नसत. ताटाकडे बघत राहत, ते जास्त वाईट.

मग एक दिवस ढोली खालपर्यंत पोकळ वाजली.

कोपऱ्यात दुसरी एक लहान ढोली होती, तोंड शेणानं बंद केलेली. त्यात पुढच्या हंगामाचं बियाणं. ती कोणी उघडत नाही. घरात मयत झालं तरी नाही. बाबा गेले त्या वर्षीही आईनं दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मजुरीनं रोवणा करून घर चालवलं, पण तिला हात लावला नाही. त्या सकाळी तिनं खुरपं घेतलं आणि शेणाचा लेप फोडला. दादा म्हणाला, "आई, हे काऊन करून राह्यली? पेरू काय मंग?" ती म्हणाली, "पेरनारे जगले तं पेरू." धान भरडायची गिरणी बंद होती, म्हणून तिनं अंगणातल्या उखळात ते कांडलं. लेकरं त्या दिवशी पोटभर जेवली. मी जेवले नाही, आणि त्याबद्दल आईच्या शिव्या खाल्ल्या.

मिरुगाच्या आधी आमच्या गावात एक रीत आहे. प्रत्येक घर मूठभर बियाणं मातामायपुढे नेतं. तिथं एक मोठी टोपली असते, लुगड्याच्या तुकड्यानं झाकलेली. कापडाखाली हात घालून मूठ सोडायची, भुमक म्हणजे गावचा पुजारी ते सगळं कालवतो, मग मूठभर उचलून आणायचं आणि घरच्या बियाण्यात मिसळायचं. त्याशिवाय गावात कोणी पऱ्हे, म्हणजे रोवण्यासाठीची धानाची रोपं, टाकत नाही. आणि शेवटचं घर उरलेलं झाडून नेतं, कारण टोपलीत रात्रभर दाणा ठेवायचा नसतो. उरत काही नसे, चिमूटभर फोलपटं.

त्या वर्षी गर्दी होऊ नये म्हणून मी भुमक आज्याशी हुज्जत घातली. एकेका घरानं यायचं, मूठ सोडून स्वतःच कालवून लगेच मूठ उचलायची, आधीचं घर परत गेल्यावरच पुढच्यानं निघायचं. पाळ्या मीच लावल्या. स्वतःच्या घराला पुढची पाळी घेतली असं कोणी म्हणू नये, म्हणून आमचं घर शेवटी ठेवलं. वरच्या टोल्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, एका काकूनं टोमणा मारला, "पोरगी देवाले मानत नाई, पन देवाची लाइन लावते!"

लाइन लागली, पण आमच्याकडे मूठ नव्हती. आईनं एका मुठीपुरतं धान बाजूला ठेवलं होतं. दोन दिवसांपूर्वी तिला ताप चढला, खोकला सुरू झाला, आणि तिच्या पेजेसाठी वहिनीनं तेही कांडलं. ताप असलेल्यानं बाहेर पडायचं नाही, हा नियमही माझाच. आई पडल्या पडल्या म्हणाली, "तू जाय. रिकामी मूठ सोड कापडाखाली. कोनाले दिसते?" मी म्हटलं, "ते खोटं होईल." ती कण्हत म्हणाली, "मातामायले मी सांगून ठेवलं हाये. तू नुसती जाय."

मी निघाले तेव्हा आईचा श्वास कानात होता आणि डोळ्यांपुढे कोरडी बांधी. हा ताप कुठला असेल? या वर्षी पेरलं नाही तर पुढच्या वर्षी लेकरं काय खातील? मोहाखाली भुमक आजा तोंडाला दुपट्टा बांधून लांब दगडावर बसला होता, मीच सांगितलं होतं तसा. मी टोपलीपाशी पोचले, आणि मला मूठ वळताच आली नाही. मी तळहात उघडा धरला.

"आजा, आमच्या घरी बी नाई. खाल्लं आम्ही."

त्यानं तोंडावरचा दुपट्टा सारखा केला. मग म्हणाला, "मोतीबिंदू हाये मले. तुझा हात मले काई दिसत नाई. हात घाल आन् घेऊन जाय."

मी कापडाखाली हात घातला. हात तळाला लागलाच नाही. मनगट बुडालं, कोपर बुडालं. टोपली धानानं भरलेली होती.

"आजा, लोकांनी परत नेलंच नाही का?"

"मले काय पुसते? मले दिसत नाई म्हनलं ना. शेवटचं घर तुमचं. झाडून ने. दाना ठेवशीन तं मातामाय माह्यावर चिडन."

मी तिथंच बसले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं डोकं त्या शेंदरी दगडांपुढे टेकलं. मी टेकवलं असं म्हणवत नाही.

कोणी घातलं, ते मला आजही माहीत नाही. उन्हाळ्यात, घरात बियाण्याशिवाय धान नसताना, आमच्या अंगणात मुसळ वाजत होतं आणि मुसळाचा आवाज कुडाच्या भिंतीत मावत नाही, एवढं मला कळतं. पण सगळे एकटे गेले होते, कोणी कोणाला पाहिलं नव्हतं. ज्या नियमांना मी देवाविरुद्धचा शहाणपणा समजत होते, त्याच नियमांच्या आडोशानं ते धान टोपलीत पडलं. आईचा ताप पुढे आपोआप उतरला. तो कसला होता, ते कधी कळलं नाही.

त्या वर्षी आमच्या बांधीत साऱ्या गावाचं धान उगवलं. हलकं आधी पिकून वाकलं, भारी अजून हिरवंच. एक ओंबी कमरेला, एक गुडघ्याला, मधेच लाल कुसाचं कुठलंसं जुनं वाण. दादा बांधावर कपाळाला हात लावून म्हणाला, "हे धान हाये का वरात? कोनी पुढं, कोनी मागं!" आई विळा घेऊन उतरली होती. "येऊन राह्यले ना सगळे? मंग चूप कापत जाय." तिच्यामागून मीही उतरले. जे पिकलं तेवढंच निवडून कापायचं, बाकीच्याची वाट बघायची. ती कापणी संपता संपत नव्हती.

रेशन हा हक्क आहे, असं मी आजही लिहिते आणि भांडते. कृपेनं हक्काची भरपाई होत नाही. पण माझ्या नियमांनी आणि माझ्या रागानं जिथवर पोचता येत होतं, तिथं रस्ता संपला होता, आणि त्याच्या पुढे मला कोणीतरी उचलून नेलं. कोणाचे आभार मानावेत हे कळत नाही, म्हणून गावात समोर येईल त्या प्रत्येकाकडे मी त्या नजरेनं बघते. त्या वरच्या टोल्यातल्या काकूकडेसुद्धा.

आता दरवर्षी मिरुगाच्या आधी मी मोहाखाली जाते. कापडाखाली हात घालते, मूठ सोडते, पुन्हा ओच्यातून भरून घेते, पुन्हा सोडते. किती सोडलं, ते बघत नाही.