दिवाणातली तसबीर

"ओटा तर फोडावाच लागेल."

घर घ्यायला आलेली बाई मिस्त्रीला सांगत होती. मी तिच्या मागे, हातभर अंतरावर. हातात चहाचा ट्रे. स्वयंपाकघर माझं, ओटा माझा, आणि मी तिथे नसल्यासारखी ती बोलत होती.

मिस्त्रीने कडप्प्यावर बोटांनी ठोकून पाहिलं. "काहून फोडता मॅडम? काम एकदम पक्कं आहे."

"पक्कं असेल हो. पण आमच्या सासूबाईंचं सोवळं आहे. यांनी इतकी वर्षं वापरलेल्या ओट्यावर देवाचा नैवेद्य कसा करणार? कळतं ना तुम्हाला?"

मिस्त्रीला कळलं. मलाही कळलं. मिस्त्रीने माझ्याकडे पाहायचं टाळलं आणि टेप काढून मापं घ्यायला लागला.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "चहा घ्या."

मॅडमने पर्समधून स्वतःची पाण्याची बाटली काढली. "नको, आत्ताच झाला." मी ट्रे तसाच ओट्यावर ठेवला. त्याच ओट्यावर.

हा ओटा माझ्या नवऱ्याने बांधला. हे बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. घर बांधलं तेव्हा गवंड्याचा ओटा मला उंच पडला, मी ठेंगणी. ह्यांनी एका रविवारी तो स्वतः उतरवला आणि पुन्हा बांधला. मला समोर उभं करून, माझ्या कोपराला खूण धरून. मी त्या ओट्यावर पोळ्या लाटल्या, शाळेच्या वह्या तपासल्या, मुलीला बसवून तिच्या वेण्या घातल्या. हे सगळं मॅडमला सांगायला हवं होतं असं नाही. पण "चहा घ्या"?

मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होते. पहिलीच्या पोरांना उभं करून शिकवायची, मान वर कर, पूर्ण नाव सांग, आडनावासकट, मोठ्याने. तीच मी.

हे एकाएकी झालं नाही. मान खाली घालायचा माझा सराव वर्षभर चालला होता.

हे गेले हार्टअटॅकने. मृत्युपत्र नव्हतं. घर ह्यांच्या एकट्याच्या नावावर, वारस मी आणि कामठीला दिलेली मुलगी. मला वाटलं, बायको आहे, मुलगी आहे, आणखी काय लागतं? बरंच लागतं. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, फेरफार, वकिलाचं शपथपत्र. वर्षभर उंबरठे झिजवले. एका खिडकीतल्या बाबूने लग्नाचा पुरावा मागितला. आमचं लग्न विहारात झालेलं, त्या काळी सर्टिफिकेट कोण काढतं? मी फोटो दिला. त्याने चष्मा वर केला.

"पांढरी साडी? मॅडम, हा फोटो लग्नाचा आहे की मयतीचा?"

मागची रांग हसली.

"आमच्यात लग्नाला पांढरंच नेसतात," मी म्हणाले.

"आमच्यात म्हणजे कोणाच्यात?"

मी सांगितलं. इतकं हळू, की त्याला पुन्हा विचारावं लागलं. काम झालं. मी त्याला थँक्यू म्हणून बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले.

एव्हाना मला फक्त सुटका हवी होती. मुलीच्या घराजवळ दोन खोल्यांचा ब्लॉक पाहून ठेवला होता. गुडघे गेलेले, घर रिकामं, संध्याकाळ खायला उठायची. ब्लॉकचा मालक रोज विचारायचा, तुमचं घर विकलं का? मुलगी म्हणायची, "आई, होऊन जाऊ दे आता."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी दलाल धरला. आमच्याच लेआउटमधला, चार गल्ल्या सोडून राहणारा, ह्यांच्या ओळखीचा. त्याने बैठकीत उभं राहून चारी भिंती न्याहाळल्या.

"वहिनी, बुद्ध राहू द्या. बुद्ध चालते. आजकाल सगळेच शोकेसमध्ये ठेवतात. पण ते निळ्या कोटातली तसबीर काढून ठेवा. गिऱ्हाईक दारातूनच वापस जाते. आन् कोणी आलं तं साधं नमस्कार म्हणा. तुमचं ते नेहमीचं नका म्हणू."

मी त्याला घराबाहेर काढायला हवं होतं. मी स्टूल आणलं.

ती तसबीर माझ्या सासऱ्यांच्या वेळची. धम्मदीक्षेच्या दिवशी ते गर्दीत उभे होते, मिसरूड न फुटलेले. पुढे पहिल्या पगारातून त्यांनी ती तसबीर घेतली आणि सायकलवर छातीशी धरून घरी आणली. ह्यांचा जन्म तिच्याखाली झाला आणि ह्यांना शेवटी ठेवलं तेही तिच्याखाली. ती मी स्वतःच्या हाताने उतरवली. जुन्या चादरीत गुंडाळली आणि दिवाणाच्या पेटीत, हिवाळ्याच्या रजयांखाली ठेवली. फळी बसेना, दाबून बंद केली. वर गादी टाकली. रात्री त्याच दिवाणावर झोपले.

भिंतीवर चौकोन राहिला. बाकीचा रंग धुराने, उन्हाने पिवळा पडलेला आणि मधोमध कोरा चौकोन.

पहिल्यांदा मॅडम आली तेव्हा तिची नजर तिथेच गेली. "इथे काय होतं?"

"घड्याळ," मी म्हणाले.

घड्याळ समोरच्या भिंतीवर टिकटिकत होतं. गोल. मॅडमने घड्याळ पाहिलं, चौकोन पाहिला आणि हसली. चांगली हसली. मला वाटलं, वाचले.

तेवढ्यात शेजारची सुमनबाई फाटक उघडून आत आली. हे गेले तेव्हा माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती ती. आमच्या घरी चूल पेटत नव्हती तेव्हा डबे तिच्याकडूनच यायचे. हातात कढीपत्त्याच्या काड्या. दारातूनच तिचा खणखणीत आवाज.

"जय भीम वं बाई! पाहुने आले का?"

दलालाने माझ्याकडे पाहिलं. मॅडमने पाहिलं.

"नमस्कार," मी म्हणाले.

नमस्कार. सुमनबाईला. जिला तीस वर्षांत मी तसं कधी म्हटलं नव्हतं.

तिने पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. "बरं," म्हणाली आणि वळली. कढीपत्ता हातातच घेऊन गेली. त्यानंतर ती माझ्या फाटकातून आत आली नाही. तरी मी मॅडमकडून बयान्याचा चेक घेतला, कपाटात ठेवला आणि स्वतःला समजावलं, शेवटचेच दिवस आहेत, मूग गिळून बस.

तर ओट्याचा दिवस. मॅडम आणि मिस्त्री गेल्यावर मी दलालाला फोन केला. "त्यांना कसं कळलं? मी तर काहीच बोलले नाही."

"वहिनी, त्याहिले पहिल्या दिवसापासून मालूम आहे. मीच सांगितलं. लपवलं तं उद्या माझ्यावर येते ना. म्हणून तं भाव कमी लावला त्याहिनं."

"मग तसबीर काहून काढायला लावली तुम्ही?"

"घरात पाय टाकतानी नजरेत यायले नको म्हणून. बाकी काही नाही."

मी फोन ठेवला. चौकोन पाहून ती हसली, ते आठवलं. तिला माहीत होतं मी खोटं बोलतेय. मी माझं तोंड शिवत होते आणि ती टाके मोजत होती. लपवून मला काहीच मिळालं नव्हतं. आणि मिळालं असतं तर? त्या विचाराची लाज जास्त वाटली. ती फसली असती तर मी सुमनबाईला म्हटलेला "नमस्कार" विसरूनही गेले असते.

मी सुमनबाईकडे गेले. ती अंगणात तांदूळ निवडत होती. बस म्हणाली नाही.

"बाई, चुकलं माझं."

"तुले काय वाटलं, मले ऐकू नाही आलं?" सूप खाली न ठेवताच ती बोलली. "मी म्हनलं, हे तं घर विकाच्या आधीच गेली इथून."

"माफ कर वं."

"मले माफी मांगून काय फायदा? जिच्यासमोर तोंड शिवलं होतं, तिच्यासमोर उघड."

एवढंच. पाणीसुद्धा विचारलं नाही तिने. बरोबरच केलं.

मी घरी आले. दिवाणाची गादी ओढली, रजया बाहेर फेकल्या. चादर उलगडली तेव्हा काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेला दिसला. मीच त्यावर झोपत होते रोज. स्टूलवर चढताना गुडघ्यातून कळ आली. तसबीर त्याच खिळ्यावर लावली. चौकोन झाकला गेला. रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. स्वतःची किळस आली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमला बोलावलं. ती दारात आली तशी मी उठून उभी राहिले.

"जय भीम. या, बसा."

ती बसली नाही. भिंतीकडे पाहत होती.

"त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, इथे काय होतं. हे होतं. मी खोटं बोलले." चेक तिच्यासमोर धरला. "घर मी तुम्हाला देत नाही."

"हे काय? शब्द दिलाय तुम्ही. आणि एवढा तरी भाव दुसरं कोण देणार आहे तुम्हाला?"

"नाही देणार तर नाही देणार."

"मी काय वाईट बोलले? आमच्या घरातल्या रीती आहेत त्या."

"तुमच्या रीती तुमच्या घरात. हे अजून माझं घर आहे."

मी चेक आणखी पुढे केला. तिने तो घेतला आणि गेली. दलालाने फोनवर मला येडी म्हटलं. कामठीचा ब्लॉक दुसऱ्याने घेतला. मुलगी आठवडाभर बोलली नाही. मग बोलली तेव्हा म्हणाली, "आई, तुझं बरोबर आहे, पण आता पुढे काय?" गुडघे तसेच आहेत. घर तसंच रिकामं. सुमनबाई फाटकावरून "जय भीम" म्हणते, मी दुप्पट मोठ्याने म्हणते, पण आत ती अजून आलेली नाही.

फाटकावर मी स्वतः पाटी लावली आहे. फळ्यावर लिहायचे तसं ठसठशीत अक्षर. घर विकणे आहे. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. त्याखाली जय भीम. ज्याला वाचून परत फिरायचं आहे त्याने फाटकातूनच फिरावं, मला चहा वाया घालवायचा नाही. जो आत येईल त्याने आधी ओट्यावरचा चहा माझ्यासमोर बसून प्यायचा, मग भाव बोलायचा. पुढे ओटा फोडायचा की ठेवायचा, ते त्याचं तो पाहील.

घर एक दिवस विकलं जाईल. रजिस्ट्रीवर सही होईल त्या दिवशी मी शेवटची वस्तू म्हणून तसबीर उतरवीन. चादरीत गुंडाळणार नाही. छातीशी धरून, पुढच्या दाराने, भर दुपारी, अख्ख्या लेआउटमधून घेऊन जाईन.

तोवर ती तिथेच राहील. तडा गेलेल्या काचेसकट.