बहिणीला खेळायला नेतो म्हणून

"आमच्या वेळी असले पडदे नव्हते, आम्ही मैदानात वाढलो," असं परवा मी बायकोसमोर ठणकावून बोललो आणि धाकट्या मुलाच्या हातातला मोबाइल हिसकावून घेतला. तो रडला. मला बरं वाटलं.

खोटारडा माणूस आहे मी. आमच्या वेळीही पडदा होता. सोलापुरात टॉकीजना काय तोटा होता? आणि त्या पडद्यासमोर मी माझ्या बहिणीला रोज बसवून येत होतो.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी अकरा वर्षांचा, ती सहाची. तिचा उजवा पाय पोलिओनं बारीक झालेला. डॉक्टरांनी अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, बजावलं होतं, रोज हिला खेळवा, पळवा. पडली तर पडू दे, पण पाय वापरला नाही तर वाळेल. संध्याकाळी अप्पा आणि अव्वा दोघंही किराणा दुकानात अडकलेले. म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलं.

पहिले आठ दिवस नेलं. मैदानावर लिंबूटिंबूची रीत होती. लहान किंवा अधू पोराला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला मोजायचंच नाही. हिला ते चालेना. पकडापकडीत कुणाचा हात लागला की ओरडायची, "मला शिवलंय! माज्यावर राज्य हाय!" राज्य दिलं की खेळ तिथंच मरायचा, कारण तिच्या हाती कुणीच लागत नसे. पोरं मला म्हणाली, "का बे, हिला आणणार असशील तर तू बी येऊ नको."

मैदानाला लागूनच टॉकीज. तिथला म्हातारा डोअरकीपर आमच्या गल्लीतला. त्याच्यापुढं मी रडवेलं तोंड केलं. तो तिला संध्याकाळच्या शोला फुकट आत घ्यायला लागला, पहिल्या रांगेच्याही पुढं, जमिनीवर. तोच सिनेमा ती आठवडेच्या आठवडे बघायची. घरी नेताना मी तिच्या गुडघ्यांना आणि फ्रॉकला माती चोळायचो. ती उभी राहून चोळू द्यायची.

एकदा डोअरकीपर म्हणाला, "ही सिनेमा बघते कुटं? दाराच्या फटीपाशी बसून तुमचा दंगा ऐकते. सारखं इचारते, माज्यावर राज्य आलं का?"

मी म्हणालो, "दार नीट लावत जा की, मामा."

वर्षानं डॉक्टरांनी टेप लावून पाय मोजला. "हा पाय वापरलेलाच नाही," ते म्हणाले. अव्वा चिडली. "रोज न्हेतो की हिचा भाऊ! गुडघं मातीनं भरून येतीय पोरगी!" डॉक्टरांनी बहिणीलाच विचारलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाली, "व्हय. लई पळते."

पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट आला. अक्कलकोटच्या मठात बोललेला नवस आपण वेळेवर फेडला नाही, म्हणून हे झालं, असं अव्वानं ठरवलं. मरेपर्यंत तिनं गुरुवार धरले. तिच्या उपासाची खिचडी मी चवीनं खाल्ली. तोंड फक्त त्यासाठीच उघडलं.

परवा मोबाइल हिसकावल्यावर मी बहिणीला फोन केला. ती मैंदर्गीला असते. सगळं सांगितलं, जणू तिला ठाऊकच नव्हतं.

"आत्ता सांगतोयस व्हय? अव्वा गेल्यावर?"

"तू तेव्हा खोटं का बोललीस?"

"तुज्या तोंडाकडं बघत होते. तू बोलशील म्हणून. न्हाय बोललास, मग मी बोलले. आन् पोराचा मोबाइल काढून घेतलास, मग त्याच्यासंगं खेळायला कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग झालं तर," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पोरगं अजून भिंतीकडं तोंड करून बसलं होतं.