जावयाचं निदान आणि पीळ काढलेल्या वायरी

माझ्या सासरी, कळसाडीला, मला कोणी चूक म्हणत नाही, आणि एवढ्याच कारणामुळे माझी गाडी एका दुपारी उकिरड्यात गेली.

अधिक महिना म्हणजे जावयांच्या सुगीचा हंगाम. पाय धुऊन घ्यायचे, धोंडे खायचे, कपडे घ्यायचे आणि वर 'उगाच कशाला' असं म्हणायचं. इतकी वर्षं त्या घरात मी एकटाच जावई होतो. पण मेहुणीचं नुकतंच लग्न झालं होतं आणि तिचा नवरा, नितीन, पहिल्यांदाच धोंडे खायला येणार होता. गादीला वाटेकरी आला म्हटल्यावर थोरला कोण, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं बरं. म्हणून मी सासऱ्यांना आधीच कळवलं, की नितीनला शहाद्याच्या बसस्टँडवरून मी माझ्या गाडीत घेऊन येईन.

गाडी सेकंडहँड. तिला जरा रुबाब यावा म्हणून आदल्या दिवशी मी स्वतः डॅशबोर्डखाली निळ्या लाइटची पट्टी बसवली. (अक्कलकुव्यात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. वायर विकणाऱ्याला वायरीतलं कळतं, असा माझा समज होता. हळद विकणाऱ्याला कोणी डॉक्टर म्हणत नाही, हे तेव्हा सुचलं नाही!) पट्टीच्या आड दोन वायरी येत होत्या, एकमेकींना पीळ घालून बसलेल्या. काय हा कंपनीचा गलथानपणा! मी त्या कापल्या, पीळ काढून सरळ केल्या, परत जोडल्या आणि वरून टेप गुंडाळला. कंपनीचं काम मी फुकटात सुधारून दिलं होतं.

कळसाडीपर्यंत गाडी गुणाने आली. दुपारी स्टँडवर जायला निघायचं म्हणून किल्ली फिरवली, तर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, वायपर आपणहून फिरायला लागले आणि इंजिन मात्र ढिम्म.

"बॅटरी," मी जाहीर केलं.

"जवाईबापू म्हनतस तं बॅटरीच शे," सासरे म्हणाले.

"बॅटरी जायेल शे तं वायपर कसावर फिरी ऱ्हायनात?" बायकोने विचारलं. माहेरी आली की हिला असले प्रश्न पडतात. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. सासऱ्यांनी चालू ट्रॅक्टर बंद करून त्याची बॅटरी काढून आणली, ती जोडली, आणि आता अंगणात एकाऐवजी दोन बंद गाड्या झाल्या.

मग गावातला मेकॅनिक संतोष आला. त्याने स्टिअरिंगखाली आपलं मशीन जोडलं, त्याच्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "इंजिन नि स्टिअरिंग आपसमा बोली नई ऱ्हायनात. निरोप मधमाच कोठे तरी तुटस. खालनी वायर देखनी पडी."

"वायरी काल मीच देख्यात," मी म्हणालो. "सेल्फ जायेल शे."

संतोषने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी आभाळाकडे पाहिलं. एका घरचा जावई तो सगळ्या गावाचा जावई, आणि धोंड्याच्या महिन्यात त्याला खोटं पाडणं म्हणजे वाढलेल्या ताटात खडे टाकणं.

"बराबर शे पाव्हना," संतोष म्हणाला आणि त्याने मशीन पिशवीत टाकलं. "ढकलीसन देखू."

अर्धी गल्ली ढकलायला आली. जावयाने ढकलायचं नसतं, म्हणून मी आत बसलो. गाडीने वेग घेतला, वायपर जोरात फिरू लागले. समोर उकिरडा दिसला तसं मी स्टिअरिंग वळवायला गेलो, तर ते जात्यासारखं जड. मी सर्व ताकदीनिशी उकिरड्यात गेलो.

कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. सासरे काच खाली करायला सांगून हळूच म्हणाले, "चांगलं व्हयनं जवाईबापू. आठे सावली शे."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी काळीपिवळी जीप थांबली आणि मिठाईचा पुडा सांभाळत नितीन उतरला. स्टँडवर माझी वाट पाहून पाहून तो चार शेळ्यांबरोबर आला होता. त्याने सासऱ्यांना नमस्कार केला, पँट वर दुमडली, शेणातून वाट काढत गाडीपाशी आला आणि डॅशबोर्डखाली वाकला.

"दादा, ह्या वायरी कोनी काप्यात?"

उकिरड्याभोवतीची सगळी माणसं एकदम मोकळी झाली. जावयाला बोलायचा अधिकार शेवटी दुसऱ्या जावयालाच! इतका वेळ सगळे नव्या जावयाची नाही, या प्रश्नाची वाट पाहत होते. संतोषच्या हातात डाख द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, सामान आधीच तयार होतं. त्याने माझा टेप सोडला, वायरी नीट जोडल्या, त्यांना पुन्हा पीळ घातला. इंजिनचे, स्टिअरिंगचे सगळे निरोप याच दोन वायरींतून जातात आणि पीळ मुद्दामच असतो, हे तो समजावून सांगत होता. मला नाही, नितीनला. किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, वायपर थांबले.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी संतोषला विचारलं.

"सांगेल व्हतं ना पाव्हना. पन तुम्हले सेल्फ पाहिजे व्हता."

त्या दिवशी धोंड्यांचं पहिलं ताट नितीनला वाढलं गेलं. माझे पाय मात्र दोनदा धुतले, कारण दुसऱ्यांदा खरोखरच गरज होती.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासऱ्यांचा निरोप आला, "तुम्ही गाडी आनू नका. नितीन तुम्हले लेवाले येई." मी अक्कलकुव्याच्या बाजारात ज्याला त्याला सांगितलं, सासरची माणसं न्यायला गाडी पाठवतात, मान लागतो त्याला. गाडी दारात आली. मी थोरल्या जावयाच्या हक्काने पुढचं दार उघडलं, तर नितीनने ते अदबीने लावून घेतलं.

"दादा, तुम्ही मागे बठा," तो म्हणाला. "पुढे वायरी ऱ्हातस."