शिफारशीचा फोन

थंडीत जे. पी. नगरच्या बाजारात अवरेकाईचा, म्हणजे आपल्या पावट्याच्या शेंगांचा, उग्र वास सुटला की मला तो फोन आठवतो. त्याबद्दल आजवर घरीही कधी बोललो नाही. मी तेव्हा एका संस्थेत प्रोग्राम डायरेक्टर होतो आणि माझं निम्मं काम माझी बेळगावकडची सहकारी ओढायची. तिनं येलहंक्याच्या दुसऱ्या संस्थेत माझ्याच तोडीच्या पदासाठी अर्ज केला होता. तिथल्या बाईंनी तिची चौकशी करायला फोन केला, तेव्हा मी हातगाडीवर शेंगा निवडत होतो. ही गेली तर माझं कसं होणार, या धास्तीनं मी म्हणालो, “बरी आहे, पण अजून स्वल्प कच्ची आहे.” बाई खळखळून हसल्या. “अहो, तिनं आधीच बजावलंय. आमचे सर मला सोडायचे नाहीत, ते ‘बरी’ म्हणाले तर ‘उत्तम’ समजा!” शेंगा तिथेच टाकून मी निघालो. दुसऱ्या दिवशी ती धारवाडी पेढे घेऊन समोर उभी. “काय सर, किती कच्ची?” “स्वल्प,” मी पुटपुटलो, आणि ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना. आता मीच नोकरी शोधतोय. शिफारशीसाठी तिचं नाव दिलंय. ती माझ्याबद्दल खरं तेच सांगेल, एवढीच काय ती धास्ती.