कोणाचाच भाग न जाणारा आकडा

शेजारी कॉम्प्युटर दिवसरात्र घरघरत असला की किस्से आपोआप साठतात. माझ्याकडे तर फ्रीजरमधल्या बांगड्यांपेक्षा जास्त साठलेत.

शेजारची सायली घरूनच ऑफिसचं काम करते. पण दुसरा एक कॉम्प्युटर तिने नुसता एका आकड्यावर लावलाय. दोनाला दोनाने कोट्यवधी वेळा गुणायचं, त्यातून एक वजा करायचा. उरलेल्याला कशानेच भाग गेला नाही, तर ती मूळ संख्या. मग जगातल्या मोठ्यात मोठ्या मूळ संख्येपुढे आमच्या सायलीचं नाव!

मला कळेना. कळलं ते बाबीकाकांना. ते रापणीचे तांडेल, जाळं ओढणाऱ्यांचे म्होरके. किनाऱ्यावर जाळं ओढलं की मासळीचे सारखे वाटे तेच घालतात.

"तेरा सुरमई गावले की माझा डोक्या फिरता. जण किती पण असांदेत, सारखे वाटे पडनत नाय."

"तेरा जण आसले तर?" सायलीने विचारलं.

"तर एकेक. नायतर एकट्याकच सगळे."

"ह्याच तां, काकानू! मूळ संख्या म्हणजे ह्याच!"

*

आकडा केवढा, तर वहीतल्या अक्षरात एका ओळीत लिहिला तर मालवणातून निघून बांदा ओलांडेल, गोव्यात शिरेल.

आमचे हे म्हणाले, "गोव्यात शिरलो तर लवकर परत येवचो नाय."

*

कॉम्प्युटरच्या पंख्याची गरम हवा फुकट जाते म्हणून सायलीच्या आईने समोर आमसुलं सुकत घातली. सायली धावत आली. "आये, खारट पाणी आत गेला तर हिशोब चुकतलो. परत पयल्यापासून!"

"चुकांदे. आमसुला सुकली काय ता सांग."

*

तीच आई देवळात मात्र गाऱ्हाणं घालून आली. "बा देवा म्हाराजा, पोरीच्या आकड्याक कोणाचोच भाग जाव देव नको." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

सायली वैतागली. "आये, आकडो मूळ आसात तर तो जग होवच्या आधीपासून मूळ आसा. देव आता काय करतलो?"

"मगे देवाक ठावक आसतलाच. इचारूक काय जाता?"

*

आणि निकालाचा दिवस. सकाळपासून मी तिच्या खोलीत ठाण मांडून होते. बाबीकाका दारात. स्क्रीनवर एक ओळ आली. सायलीने ती दोनदा वाचली आणि मान खाली घातली.

"भाग जाता."

एवढे महिने पोरगी जीव टांगणीला लावून बसलेली.

बाबीकाकांनी दारातूनच विचारलं, "कितीनी जाता गो?"

"ता नाय कळणा, काकानू. कॉम्प्युटर एवढाच सांगता, वाटेकरी आसत. कोण ते सांगणा नाय."

बाबीकाका आत येऊन स्क्रीनसमोर वाकले.

"मगे तो आकडो न्हय," ते म्हणाले. "तो आमचो सातबारो."

सायली हसायला लागली ती थांबेचना. तशीच हसत हसत तिने पुढचा आकडा लावला.