लाल पेन्सिल घेऊन पन्हाळ्यावर

खरं सांगते, गड बघायला मी गेलेच नव्हते. माझे दोन गुंठे वाचवायला गेले होते.

कोल्हापुरात नदीच्या अंगाला माझी खानावळ आहे. तिच्या मागं उतारावर ही जागा. माझ्या पोराला, विजूला, तिथं मोठं हॉटेल काढायचंय. पुराचं पाणी शिरतं म्हणून गेल्या उन्हाळ्यात चाळीस ट्रॉल्या मुरूम टाकून आम्ही ती उंच करून घेतली. तेवढ्यात शहरातल्या आणि भोवतालच्या गावांतल्या लोकांनी ठरवलं, की पुढच्या तीस वर्षांत कोल्हापूर कुठं वाढावं आणि कुठं वाढू नये, याचा नकाशा आपणच करून सरकारपुढं ठेवायचा. लाल म्हणजे बांधकाम, हिरवा म्हणजे शेती, निळा म्हणजे पाण्याची जागा, तिथं वीटसुद्धा लावायची नाही. ज्याची जागा त्यानंच रंगवायची. त्याआधी सगळ्यांनी पन्हाळ्यावरनं खोरं बघायचं.

विजूनं माझ्या पिशवीत लाल पेन्सिल टाकली. "आई, लालच करून ये. कुणाचं ऐकू नको."

सकाळची एस.टी. धरली. बायकांना अर्धं तिकीट, तासाभरात गड. वाघबीळच्या पुढं वळणं आहेत, तेव्हा पोट भरून बसू नका. वर झुणका-भाकर दीडशेला मिळाली. भाकरी गरम होती, पण ठेचा मागून घ्यावा लागला. माझ्या खानावळीत मी न मागताच वाढते. गडावर वारं सोसाट्याचं असतं, डोक्याला काहीतरी न्या.

तटावरच्या सज्जा कोठीपाशी शिकलगार भाऊंनी नकाशा पसरला. जन्म मोजणी खात्यात काढलेला माणूस, आता रिटायर. मी सातवीपर्यंत शिकलेली, नकाशा म्हणजे मला नुसता दोऱ्याचा गुंता. त्यात समोर नदी उजवीकडनं येत होती आणि कागदावर डावीकडनं. वैतागून मी कागदच फिरवला.

"वहिनी, उलटा धरलासा. उत्तर वर असती."

"तुमची उत्तर माझ्या पाठीमागं हाय की! पाणी जिकडनं येतंय तिकडनं बघू द्या."

"बाईंनी पृथ्वी फिरवली रे!" मागनं कोणतरी ओरडलं. सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी कागद बघितला, खालचं खोरं बघितलं.

"व्हय की. आता सगळ्यांनी असाच धरा."

मग मला कळलं. एवढ्या नद्या एकमेकींत मिसळत येतात आणि सगळं पाणी माझ्या दोन गुंठ्यांच्या बगलेनं पुढं जातं. जायला वाट तेवढीच. मी पेन्सिल बाहेर काढली नाही.

परतीला एस.टी.ची वाट बघण्यात अर्थ नव्हता. भाऊ आणि आम्ही काही जण वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपनं निघालो आणि वाटेत आत वळून नद्यांच्या संगमावरच्या प्रयाग चिखलीला थांबलो. तिथल्या आक्कांनी चहा ठेवला आणि गोठ्याच्या भिंतीवर चुन्याच्या रेघा दाखवल्या. एकेका पुराची एकेक रेघ, नवी जुनीच्या वर.

"पाऊस काय जास्त पडतोय व्हय?" मी विचारलं.

"पाऊस कमी-जास्त हुतोय. पर पाणी पुढं सरकंना झालंय, पावणं. खाली शहरात भराव घालत्यात. मग ते मागं फिरून आमच्यात शिरतंय. गेल्या खेपंला दावं सोडायलाबी येळ गावला न्हाय. दोन म्हशी जाग्यावर गेल्या."

दावी अजून खुंट्याला होती.

मला पोटात ठेवता येत नाही. "आक्का, त्या भरावात चाळीस ट्रॉल्या मुरूम माझा हाय."

आक्कांनी कप माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "च्या घ्या. साय धरली."

तो चहा मी कसा संपवला, माझं मला माहीत. मग शिकलगार भाऊंकडं निळी पेन्सिल मागितली.

"वहिनी, पोराला इचारा एकदा."

"जागा माझ्या नावावर हाय."

कागदावर दोन गुंठे तांदळाच्या दाण्याएवढे. रंगवायला कितीसा वेळ लागतोय?

घरी आल्यावर चिखलीच्या आक्कांचं, म्हशींचं सगळं सांगितलं. विजू म्हणाला, "सगळी भराव टाकत्यात आणि तू एकटीच शहाणी?"

"व्हय."

तेव्हापासून आठ दिवस तो बोलला नाही. मुरूम उचलायला ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, तर तो म्हणतो, नदीकडंच ढकलू. त्याला हाकलला, दुसरा शोधतेय. हॉटेल झालं नाही याचं वाईट मलाही वाटतं. पोराचं स्वप्न होतं, माझंही होतंच की.

पन्हाळ्याला जाणार असाल तर फोटो मग काढा, आधी तटापाशी उभं राहून पाणी कुठनं येतं ते बघा.

नकाशाची प्रत मी खानावळीत लावली, गडावर धरली होती तशीच. विजूनं दोनदा येऊन सरळ केली. दोन्ही वेळा मी फिरवली. काल दुपारी तो तिच्यापुढं ताट हातात घेऊन उभा राहिला. आमटी गार झाली तरी हलला नाही.

मग म्हणाला, "ह्यात चिखली कुठं?"

मी बोट ठेवलं.