साखरेच्या भांड्यातली मशेरी

पोरांनो, जुन्या चिनी मातीच्या किटलीत कापूस आणि कपांत रोपटी ठेवणं ही परदेशातली नवी टूम आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर ऐका. तुमच्या पणजीने हे सत्तरच्या दशकातच, खासबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत, निव्वळ हट्टापायी करून ठेवलं होतं.

मी तेव्हा कॅम्पातल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तिथल्या एका लष्करी साहेबाची बदली झाली आणि त्याच्या बायकोने सामान विकायला काढलं. मी निळ्या फुलांचा जुना विलायती टी-सेट उचलून आणला. वर सूपचं झाकणवालं भांडं आणि होडीच्या आकाराचं कसलंसं पात्र. ते कशासाठी असतं, हे इंग्रजी घेऊन बी.ए. होऊनही मला ठाऊक नव्हतं.

सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. निपाणीच्या तंबाखू वखारीत त्यांची निम्मी हयात गेलेली. त्यांनी एक कप उलटा करून बूड पाहिलं.

"ब्येस हाय. पर ह्यात कुणाला च्या द्यायचा न्हाय. माझ्या घरात न्हाय."

कारण विचारलं, तर पदर झटकून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन बघते तो किटलीत किल्ल्या, सूपच्या भांड्यात बटणं आणि दोऱ्याची रिळं, होडीत फण्या, कपांत सुया न् पिना, आणि साखरेच्या भांड्यात त्यांची दात घासायची मशेरी! सगळं खिडकीजवळच्या फळीवर ओळीने मांडलेलं. दिसत होतं मात्र देखणं. मला शिस्तीचं वेड, म्हणून चडफडत का होईना, मी प्रत्येक भांड्याला चिठ्ठी चिकटवली.

"मला वाचाय येत न्हाय, मग कुणासाठी गं ह्या?"

"तुमच्या लेकासाठी. त्यांना फणी सापडत नाही."

"त्येला केस तरी कुठं हायती!"

त्या सेटमधून एकदा तरी ऐटीत चहा द्यायचाच, हे माझ्या डोक्यातून जाईना. समोरच्या वकिलीणबाई चहाला येणार होत्या. बाई फार पुढारलेल्या विचारांच्या, निदान स्वतःच्या मते. मी किटली रिकामी करून घासली, कप विसळले. चहा तेवढा आत्तींनीच ओतला, स्टीलच्या पेल्यांत.

वकिलीणबाई हसल्या. "अहो, इतके छान कप आहेत, त्यातच द्या ना. मला तुमच्याकडे कशातही चालतं हो."

"तुमास्नी चालंल वो बाई. आमास्नी चालत न्हाय."

"का बरं?"

"निपाणीला मालकाच्या मागल्या दारी, कोनाड्यात माझा कप असायचा. असाच, चिनीचा, कान तुटल्याला. च्या प्यायचा, आपला आपण इसळायचा आन् पालथा घालायचा. घरची माणसं पितळंच्या पेल्यानं प्यायची. तवाच ठरवलं, माझ्या दारात आलेल्याला चिनीत द्यायचं न्हाय. तुमी घरच्याच की. घ्या."

मीही हे पहिल्यांदाच ऐकत होते. माझे वडील लष्करात. आमचं बालपण क्वार्टर्समध्ये गेलं, तिथे असा वेगळा कप कधी वाट्याला आला नाही. आत्तींनी कोनाड्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

पेला असा तापलेला, की धरावा तर चटका आणि ठेवावा तर पंचाईत. बाईंनी तो पदरात धरला आणि डोळ्यांत पाणी आलं तरी शेवटचा घोटही घेतला. मग काहीतरी बोलायचं म्हणून साखरेच्या भांड्याचं झाकण उघडलं, "अय्या, किती नाजूक" म्हणत नाक आत घातलं आणि शिंकतच घरी गेल्या.

मी किटली पुसली आणि किल्ल्या परत आत टाकल्या.

आत्ती पेले घासत म्हणाल्या, "चांगली हाय गं बाई. तोंड भाजलं, पर पेला खाली ठेवला न्हाय. फुडल्या बारीला जरा निववून देऊ."